काळ्या मातीतली सायकल: इंदूरच्या तळ्याकाठी पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

इंदुरात माउंटन बाइक घेतलेली बरीच मंडळी ती सुपर कॉरिडॉरच्या गुळगुळीत डांबरावरच फिरवताना दिसतात. जाड टायर, पुढे सस्पेन्शन, सगळे काही आहे, रस्ता मात्र स्कूटीचा. विचारले की उत्तर ठरलेले: "अहो, इथे डोंगर कुठे आहे?" डोंगर नसेल, पण तळी आहेत. तळ्याच्या काठाने ट्रॅक्टरची चाकोरी, म्हशींची पाऊलवाट, मधेच मुरमाचा छोटा चढ, बाभळीखालून जाणारे वळण असे सगळे मिळते. नवशिक्याला याहून जास्त लागत नाही.

अडचण आहे ती माळव्याच्या काळ्या मातीची. सायकल पंधरा हजारांची की पन्नास हजारांची, पायांत दम किती, या गोष्टी नंतरच्या. त्या दिवशी माती कशी आहे, यावर फेरी होणार की सायकल खांद्यावर घेऊन परतावे लागणार हे ठरते. म्हणून या लेखात मातीवर जास्त आणि सायकलच्या मॉडेलांवर कमी लिहिले आहे.

आधी जागा ठरवा

सुरुवात खंडवा रोडवरच्या बिलावली तलावापासून करा. शहराला लागूनच आहे, काही बिघडले तर सायकल ढकलत आणली तरी रिक्षा मिळते. जमते आहे असे वाटले की मग यशवंत सागर. गंभीर नदीवरचा हा तलाव होळकरांच्या काळात इंदूरच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधला. देपालपूर रोडने हातोदच्या बाजूला जायचे. शहरातून डांबरी रस्त्याने पंचवीस किलोमीटरच्या आसपास पडते, म्हणजे जाऊन-येऊन पन्नास, आणि ट्रेल, म्हणजे काठाची कच्ची वाट, त्याशिवाय. नवख्याने एवढे एका सकाळी करू नये. सायकल गाडीवर टाकून न्यावी, नाहीतर पहिल्यांदा नुसते जाऊन वाट बघून यावे.

धार रोडचा सिरपूर तलाव मात्र माझ्या मते पायी बघायची जागा आहे. तिथे फिरायला येणारे, कॅमेरे लावून बसलेले आणि पक्षी एवढे असतात की सायकलचे काही काम नाही. सिरपूर आणि यशवंत सागर ही दोन्ही तळी २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आली आणि २०२५ च्या जानेवारीत उदयपूरबरोबर इंदूरला पाणथळ शहराची मान्यता मिळाली. त्यामुळे काठावरची प्रत्येक वाट सायकलला मोकळी असेल असे गृहीत धरू नका. पाटी असेल तर वाचा, चौकीदार असेल तर विचारा. तो नाही म्हणाला तर हुज्जत न घालता परत फिरा. बांधाच्या माथ्यावर आणि पाणीपुरवठ्याच्या आवारात विचारल्याशिवाय शिरायचेच नाही.

चोरल धरणाचे फोटो पाहून पुष्कळांना तिथेच पहिल्यांदा जायचे असते. जागा सुंदर आहे. सिमरोल ओलांडले की माळव्याचे पठार संपते. इकडे गंभीरचे पाणी उत्तरेला चंबळच्या वाटेने जाते, तिकडे चोरलचे दक्षिणेला नर्मदेत. पण त्या घाटात ट्रकांची रांग असते आणि परतीला चढ. सहा महिने थांबा, चोरल कुठे जात नाही.

घरून निघण्यापूर्वी मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा उघडून काठ नीट बघा. मुरमाची वाट फिकट, पांढरटसर दिसते, काळ्या मातीतली गडद. मात्र चित्र कोणत्या महिन्यातले आहे तेही बघा. उन्हाळ्यात घेतलेल्या चित्रात तलाव आकसलेला असतो आणि काठाने छान सपाट वाट दिसते. तीच वाट नोव्हेंबरात कमरेभर पाण्याखाली असते. पाणी सर्वांत जास्त पावसाळा संपतानाचे, तिथून ते होळीपर्यंत हळूहळू उतरत जाते, आणि वाटही त्याच्यामागे सरकते.

सायकल आणि तिची हवा

टायर दोन इंच किंवा त्याहून रुंद, पुढे साधे सस्पेन्शन आणि डिस्क ब्रेक असले की झाले. हायब्रिड, म्हणजे रस्त्याच्या आणि माउंटनच्या मधली सायकल, असेल तर कोरड्या मुरमावर चालेल, पण काळ्या मातीत नेऊ नका. मागच्या सस्पेन्शनवर पैसे घालवण्यासारखे इथे काही नाही. त्या पैशात चांगले हेल्मेट आणि हातमोजे घ्या. हातमोजे शौकासाठी नव्हेत, पडताना माणूस पहिला हात टेकवतो आणि मुरूम तळहातात रुततो.

सीटची उंची अशी लावा की पेडल सर्वांत खाली असताना टाच त्यावर टेकली तर पाय सरळ होईल. उतारावर सीट चार बोटे खाली घ्या, म्हणजे अंग मागे सरकवायला जागा मिळते. बहुतेक सायकलींना सीटखाली खटका असतो, पाना काढायची गरज नाही.

खरी चूक होते ती हवेत. दुकानातून सायकल आणली की मिस्त्री टायर दगडासारखा कडक भरून देतो आणि आपण तसेच ट्रेलवर जातो. मग प्रत्येक खड्ड्यात सायकल उडते आणि दोष सस्पेन्शनला. ट्यूबचा टायर, चालवणाऱ्याचे वजन पासष्ट-सत्तर किलो, असे धरले तर पुढे २८ आणि मागे ३२ पीएसआयच्या आसपास ठेवून पाहा. वजन जास्त असेल तर दोन-चार वाढवा. टायरच्या बाजूला लिहिलेल्या मर्यादांच्या आत राहा, पण त्यातला मोठा आकडा हा कमाल आकडा आहे, तिथवर भरायलाच हवे असे नाही. फार कमी केली तर दगडावर आपटून ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोके पडतात. तशी जोडभोके दिसली की काटा शोधत बसू नका, हवा कमी होती एवढाच अर्थ.

आणि वॉल्व बघून ठेवा. जाड, मोटरसायकलसारखा असेल तर हातोदच्या वाटेवरचा कुठलाही पंक्चरवाला हवा भरून देईल. बारीक, टोकाला छोटा स्क्रू असलेला प्रेस्टा असेल तर त्याचा पाइप बसणार नाही. सायकलच्या दुकानात छोटा पितळी अडॅप्टर मिळतो, तो वॉल्वलाच लावून ठेवा. पिशवीत ठेवला की नेमका तेव्हा सापडत नाही.

बरोबर काय: एक जादा ट्यूब, पॅच, टायर काढायच्या दोन प्लास्टिकच्या पट्ट्या, छोटा पंप, षटकोनी पान्यांचा जुडगा, दोन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे. शिवाय वीतभर लांबीची चपटी बांबूची कामटी. ती कशाला, ते पुढे.

आधी मैदानावर

थेट तलावावर जाऊ नका. दसरा मैदान किंवा घराजवळचे कुठलेही मोकळे कच्चे मैदान घ्या आणि दोन-चार सकाळी एवढेच करा.

एक, अगदी सावकाश चालवणे. पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने, पाय न टेकता. वेगात तोल आपोआप राहतो. ट्रेलवर मात्र म्हैस आडवी येते तेव्हा वेग नसतो.

दोन, सीटवरून किंचित उठून दोन्ही पेडल एका पातळीत ठेवून घरंगळत जाणे. गुडघे आणि कोपरे वाकलेली, नजर चाकावर नाही तर पाच-सहा मीटर पुढे. एक पेडल खाली लोंबकळत ठेवले की ते दगडाला लागते आणि माणूस उलथतो.

तीन, ब्रेक. सायकल थांबवण्याचे बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो, त्याला घाबरून फक्त मागचा दाबायची सवय लावून घेऊ नका. दोन्ही ब्रेक एका-एका बोटाने, हळूहळू दाबत जायचे. मग मुद्दाम मागचा करकचून दाबा आणि चाक घसरल्यावर सायकल कशी वाकडी जाते ते बघा. हे मैदानात समजलेले बरे.

चार, गिअर. चढ सुरू व्हायच्या आधी हलका गिअर टाकायचा. चढात अडकल्यावर जोर लावत गिअर बदलला की चेन कडकड करते, उतरते, कधी तुटते.

माती बघायची कशी

तळ्याकाठी साधारण तीन प्रकारची जमीन लागते. मुरूम म्हणजे झिजलेल्या काळ्या दगडाचा, तांबूस-पिवळा. पाऊस पडून गेला तरी लवकर निथळतो, चाक धरतो. त्यावर फक्त सुटी खडी असेल तर वळणात ब्रेक लावायचा नाही, आधीच वेग कमी करून वळायचे. दुसरी गवताची जमीन, ती चढायला जड जाते पण ओली असतानाही बऱ्यापैकी निभावते. तिसरी काळी.

काळ्या मातीचे विशेष असे की तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसून फाटते. म्हणजे ओली असताना चाकाला गुंडाळते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. मधले जे काही महिने, दिवाळीनंतरपासून होळीपर्यंतचे, तेच आपले. तेव्हा ती दाबून घट्ट झालेली असते, डांबरापेक्षा मऊ आणि मुरमापेक्षा शांत. तिच्यावरून सायकल जाते तेव्हा टायरचा आवाजसुद्धा येत नाही.

पण वरून कोरडी दिसते म्हणून विश्वास ठेवू नका. ट्रॅक्टरच्या चाकोरीत सर्वांत खोल जागी बोटाने टोकरा, बोटभर खालची चिमूटभर माती घ्या आणि अंगठा आणि तर्जनीमध्ये वळा. भुगा झाला तर जा. वळून वातीसारखी लांब झाली आणि तुटली नाही, तर ती वाट आज बंद. वात झाली, पण लगेच तुकडे पडले, तर मधल्या गवताच्या पट्ट्यावरून जाता येईल. ही परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे. ती न करता पुढे गेलेल्यांना अर्ध्या तासाने काठीने चाके खरवडताना पाहिले आहे.

आता नवख्यांना हमखास फसवणारी गोष्ट. जानेवारीत, महिनाभर पावसाचा थेंब नसताना, मधेच वीस-तीस पावलांचा चिखल लागतो. तो गव्हाला दिलेल्या पाण्याचा. बोअरच्या नाहीतर तलावावरच्या मोटरीचे पाइप वाटेवर आडवे पडलेले असतात, सांध्यातून पाणी गळते आणि तेवढाच तुकडा लापशी होतो. पुढे काळा, चमकणारा पट्टा दिसला की उतरा, सायकल उचला, कडेच्या गवतावरून जा. पाइपवरून सायकल घालू नका. प्लास्टिकचा पाइप उन्हाने ठिसूळ झालेला असतो. फुटला तर शेतकऱ्याचे पाणी वाया जाते, आणि तो जे बोलेल ते ऐकून घ्यावे लागते, कारण बरोबर तोच असतो.

शिरलातच चिखलात, तर पहिल्या वेढ्यालाच थांबा. जोर लावून पेडल मारले की माती फोर्क (चाक धरणारा दुबेळका) आणि टायरच्या मधे ठासून बसते, चाक फिरायचेच बंद होते, आणि मागे गिअर धरणारा छोटा हँगर मोडतो. हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा, गावात मिळणार नाही. आता ती बांबूची कामटी काढा. आधी फोर्कच्या खालची माती, मग ब्रेकजवळची, मग गिअरच्या दोन छोट्या चाकांमधली. लोखंडी पान्याने खरवडू नका, रंगही जातो आणि टायरही. आणि तळ्यावर जाताना मडगार्ड घरी काढून ठेवा. डांबरावर ते कपडे वाचवतात, काळ्या मातीत तेच पहिले चाक अडवतात.

पाणी उतरल्यावर उघडा पडलेला तलावाचा तळ लांबून अगदी मैदान दिसतो. त्यावर जायचे नाही. वर पापडी, खाली गाळ, आणि पाय रुतला की सायकल सोडून आधी स्वतःला काढावे लागते. शिवाय त्या जमिनीत पुष्कळदा गाळपेर केलेली असते. तुम्हाला जी मोकळी जागा वाटते त्यात कोणाचा तरी हरभरा असतो.

मार्चनंतर भेगांकडे लक्ष द्या. दोन-तीन बोटे रुंदीची भेग वाटेला आडवी असेल तर काही होत नाही. ती वाटेच्या दिशेनेच पळत असेल तर पुढचे चाक तिच्यात उतरते आणि हँडल वळत नाही. अशी भेग नेहमी आडवी ओलांडायची.

पहिली फेरी

डिसेंबरात इंदुरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. त्यानंतर अर्ध्या तासाने सुरू करा, अंधारात नाही. एकटे जाऊ नका, आणि किती वाजेपर्यंत परत येणार ते घरी सांगा. पाच-सहा किलोमीटर जाऊन त्याच वाटेने परत यायचे, एवढेच ठरवा. तलावाला पूर्ण चक्कर मारायचा मोह होतो. पण मधे नाला, कुंपण, कोणाचे तरी शेत असे काही निघते आणि मग जितके आलो तितके परत, दमलेल्या पायांनी.

मुरमाच्या छोट्या चढावर सीटच्या पुढच्या टोकाला सरका, छाती हँडलकडे झुकवा, हलक्या गिअरवर एकसारखे पेडल मारा. उभे राहिलात की मागचे चाक हलके होऊन जागीच फिरते. उतारावर याच्या उलट, अंग मागे, पेडल समपातळीत, ब्रेक उतार सुरू होण्यापूर्वीपासूनच हलके धरलेले. बांधाची पाण्याकडची दगडी बाजू चढउतारासाठी नाही, तिच्यावर शेवाळे असते.

म्हशींचा कळप समोर आला तर पाय टेकून कडेला थांबा. घंटी वाजवून त्यांना बाजूला करता येते हा शहरी गैरसमज आहे, घंटीने त्या बिचकतात आणि कोणत्याही दिशेला जातात. गुराखी असतोच, त्याला "राम राम भिया" म्हणा, तो वाट करून देतो आणि पुढे कुठे ओल आहे तेही सांगतो. वाड्या-वस्तीजवळ कुत्री मागे लागली तर पळू नका. उतरा, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मधे धरा, चालत पुढे जा. दोन-तीन घरे ओलांडली की त्याची हद्द संपते.

काठावर मासेमारीची जाळी आणि नायलॉनची दोरी पसरलेली असते. गवतात ती दिसत नाही. मागच्या गिअरमध्ये दोरी गेली तर लगेच पेडल थांबवा, उलट फिरवून हाताने सोडवा. चाकूने जाळे कापू नका, ते कोणाच्या तरी पोटाचे आहे.

यशवंत सागरला सारस क्रौंच दिसण्याची शक्यता असते. माणसाएवढा उंच पक्षी, बहुधा जोडीने, शेतात किंवा उथळ पाण्यात. मान वर करून तुमच्याकडे बघू लागला की समजा, जवळ आलात. तिथेच थांबा. त्याला उडवून फोटो काढण्यात काही अर्थ नाही. पावसाळ्यात त्यांची घरटी पाणथळीत जमिनीलगतच असतात. तेव्हा तसेही काळ्या मातीत सायकल चालत नाही, म्हणजे प्रश्नच मिटला.

काटे

तळ्याकाठी पंक्चर होणारच, असे धरून चला. विलायती बाभळीचे काटे आणि सराटे, दोन्ही भरपूर. ट्यूब बदलणे बहुतेकांना येते, पुढची गोष्ट मात्र राहून जाते. काटा टायरमध्ये मोडून आतल्या बाजूला फक्त सुईच्या अग्राएवढे टोक उरते. बाहेरून काही दिसत नाही. नवी ट्यूब घालतात, हवा भरतात, शंभर पावलांवर पुन्हा बसते. म्हणून ट्यूब काढल्यावर टायरच्या आतून सुती रुमाल गोल फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे काटा. बाहेरून टोकाने ढकला, आतून नखाने किंवा चिमट्याने उपटा. मग रुमाल पुन्हा एकदा फिरवा, सराटा बहुधा एकटा नसतो.

वाटेवर थांबलात की दर वेळी चाक एकदा फिरवून बघा. नुकताच टोचलेला सराटा वरच्या वर दिसतो आणि आत जाण्याआधी निघतो. वारंवार जाणार असाल तर ट्यूबमध्ये सीलंट भरून घ्या. बारीक भोके ते आपोआप बुजवते, पण उन्हाळ्यात सुकते, काही महिन्यांनी पुन्हा भरावे लागते. बिनट्यूबचा टायर छान, पण पहिल्या वर्षी त्याच्या मागे लागू नका.

पडलात तर

पडणे होईलच, बहुतेक वेळा अगदी सावकाश आणि कडेच्या गवतात. उठल्याबरोबर सायकल बघायची सवय असते, आधी स्वतःला बघा. डोक्याला मार बसला असेल, गरगरत असेल, तर हेल्मेट चांगले दिसले तरी त्या दिवशी पुढे जायचे नाही. गरज वाटली तर १०८ ला फोन करा. तिथे जागेचे नाव सांगावे लागते, म्हणून वाटेतल्या गावांची नावे निघतानाच लक्षात ठेवा, "तलावाजवळ" एवढ्यावर अँब्युलन्स येत नाही. मग सायकल: हँडल चाकाशी काटकोनात आहे ना, ब्रेकचा खटका वाकला नाही ना, मागचा गिअर आत दबला नाही ना. आत दबलेला असेल तर सर्वांत हलका गिअर टाकू नका, चेन स्पोकमध्ये जाते.

परत आल्यावर

उसळ-पोह्यांचे आणि त्यावरच्या जिरावण मसाल्याचे तुमचे तुम्ही बघा, त्याला मार्गदर्शन लागत नाही. सायकल मात्र त्याच दिवशी बघा. काळी माती ओली असताना पुसायला गेलात तर पसरते. उन्हात तासभर ठेवा, वाळली की हाताने ठोकून मोठे तुकडे पाडा, उरलेले साध्या ब्रशने. गाड्या धुतात त्या जोराच्या फवाऱ्याने धुऊ नका, पाणी बेअरिंगमध्ये जाऊन आतले ग्रीस धुते. चेन जुन्या फडक्यात धरून पेडल उलटे फिरवा, फडके काळे व्हायचे कमी झाले की प्रत्येक कडीवर एक थेंब तेल. दहा मिनिटे थांबून वरचे तेल कोरड्या फडक्याने पूर्ण पुसा. पुसायचे राहिले तर पुढच्या फेरीची धूळ तिथेच बसते. मशीनचे तेल चालते का, असे सगळे विचारतात. चालते, पण धूळ लवकर धरते, म्हणून पुसायचे दुप्पट.